ड्राफ्टमधली पोरं आणि आपली घाई (फूटी)

पश्चिमवाला

सीझनचे चार-पाच आठवडे झाले की दरवर्षी हेच. नोव्हेंबरात ज्याच्या नावावर टाळ्या पिटल्या, तो एकोणीस वर्षांचा पोरगा एप्रिलमध्ये "बोगस" ठरतो. आमच्या व्हॉट्सॲप गटावर (मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या टारनीट, पॉइंट कुक, वेरिबीची मंडळी, बहुतेक इथल्या बुलडॉग्स क्लबवाले, दोन-तीन फितूर) या आठवड्यात पुन्हा तेच सुरू झालं. तिथे भांडण्यापेक्षा इथे धागा काढतो.

जे फूटी बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. लंबगोल चेंडू, अंडाकृती मैदान, एका बाजूला अठरा गडी. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. एएफएलमध्ये (या खेळाची राष्ट्रीय लीग) नवा खेळाडू पैसे टाकून उचलता येत नाही. दर नोव्हेंबरात ड्राफ्ट होतो आणि तळाच्या संघाला आधी निवड मिळते. म्हणजे सगळ्यांत गुणी पोरगा बहुधा सगळ्यांत भिकार अवस्थेतल्या क्लबात जाऊन पडतो, आणि तिथले लोक दहा वर्षांचा उपास याच्याच हातून सोडायचा म्हणून बसलेले असतात.

निवड होते तेव्हा पोरगं अठराचं. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होत असली की चालतं, त्यामुळे ड्राफ्टच्या रात्री काही जण सतराचेच असतात. बारावी नुकतीच आटोपलेली. पर्थचं पोर मेलबर्नला, मेलबर्नचं ॲडलेडला, सुरुवातीला होस्ट फॅमिलीकडे मुक्काम. आणि मैदानात समोर उभा कोण? अठ्ठावीस वर्षांचा, दहा प्री-सीझन अंगावर काढलेला बाप्या. सामन्यात बारा-तेरा किलोमीटर धावणं होतं, आणि ते धावणं मोकळं नाही. मध्ये टक्करा, पाडापाडी, पुन्हा उठून धावणं.

आता मुद्द्यावर येतो. सगळ्यांना सारखाच वेळ लागत नाही. मिडफिल्डर लवकर तयार होतात. कार्लटनचा सॅम वॉल्श (२०१९) आणि कॉलिंगवूडचा निक डेकॉस (२०२२) पहिल्याच वर्षी रायझिंग स्टार (वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू) झाले. या दोघांनी बाकीच्यांची पंचाईत करून ठेवलीय, कारण आता प्रत्येक वरच्या निवडीकडून तेच मागितलं जातं. उंच पोरांचं गणित निराळं. रकमन, पुढचे-मागचे उंच गडी, यांची हाडं वाढलेली असतात पण अंग भरलेलं नसतं. पंच दोन संघांच्या मध्ये चेंडू वर उडवतो तेव्हा रकमनला समोरच्या शंभर किलोच्या गड्याला अंगाने रेटून उडी मारायची असते, आणि खाली आल्यावर बाकीच्यांबरोबर धावायचंही असतं. हे अठराव्या वर्षी जमत नाही. विसाव्यालाही क्वचित जमतं.

आमचा टिम इंग्लिश घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिंगेलीचा, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये १९ वा. २०१७ मध्ये पहिला सामना. पुढची काही वर्षं प्रत्येक दांडगा रकमन त्याला असा बाजूला सारायचा की बघवत नसे, आणि आमच्या स्टँडात "याला कुणी जेवायला घालतं की नाही?" हा ठरलेला विनोद होता. २०२३ मध्ये तोच ऑल-ऑस्ट्रेलियन संघाचा (सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूंचा मानाचा संघ) रकमन झाला. सॅम डार्सी २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतला. बापही आमच्याच क्लबचा मोठा खेळाडू. पहिली दोन वर्षं पोरगा मोजकेच सामने खेळला आणि गटावर लगेच "नुसतं नाव मोठं" सुरू. २०२४ मध्ये तो खेळायला लागल्यावर तेच लोक त्याचे व्हिडिओ फिरवत होते.

बाकीच्यांचं काय मत?

कोकणी_कांगारू

पश्चिमवाले, सगळं मान्य, पण हे "धीर धरा" प्रकरण क्लब चालवणाऱ्यांना फार सोयीचं आहे हो. मी कार्लटनवाला (हो, त्या फितुरांपैकी एक). २०१५ च्या ड्राफ्टमध्ये आम्ही पहिला वाइटरिंग घेतला, दहावा हॅरी मॅके, बारावा चार्ली कर्नाउ. एकाच रात्रीत तिघं. पुढे काय? २०१८ च्या अख्ख्या सीझनमध्ये दोन विजय आणि तळाची जागा. प्रशिक्षक बदलला, मग तोही बदलला. फायनल्स (सीझनअखेरची बाद फेरी) बघायला २०२३ उजाडलं. पोरांत काही कमी नव्हतं. मॅकेने २०२१ चं कोलमन मेडल घेतलं (सीझनमधले सर्वाधिक गोल), कर्नाउने २०२२ आणि २०२३ ची दोन्ही.

म्हणजे पोरं घडली, संघ घडायला त्याहून जास्त वेळ लागला. पोराला वेळ द्यायचा हे कळलं. त्या पोरांना पुढे करून मेंबरशिप विकणाऱ्यांना किती द्यायचा?

पश्चिमवाला

@कोकणी_कांगारू, ते दोन वेगळे हिशेब आहेत आणि वेगळेच ठेवायला हवेत. व्यवस्थापनाला शिव्या घाला, मी सोबत येतो. पण कर्नाउचंच बघा. २०१९ च्या मध्यावर गुडघा गेला, २०२० अख्खं बाहेर, २०२१ च्या शेवटी कुठे परतला. त्या काळात "विकून टाका" म्हणणारे तुमच्याच क्लबाचे किती होते आठवा. विकला असता तर ती दोन कोलमन दुसऱ्याच्या कपाटात असती.

मीनल_कोथरूड

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, मेलबर्नच्या भावामुळे धागा उघडला. एक शंका. पोरं तयार नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, तर मग उतरवतात कशाला? आपल्याकडे निदान रणजी असते.

बाकी घाईबद्दल म्हणाल तर आपण काय कमी आहोत? सचिन सोळाव्या वर्षी कराचीत खेळला, त्याचा ताप अजून पुढच्या पोरांना होतोय. पृथ्वी शॉने २०१८ मध्ये पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं तेव्हा आपण त्याला कुठे नेऊन बसवलं होतं! २०२४ च्या मेगा लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. आणि सूर्यकुमार यादव भारताकडून पहिल्यांदा खेळला तो तिशीत.

पश्चिमवाला

@मीनल, तुमची शंका अगदी नेमकी आहे. रणजीसारखं इथे व्हीएफएल आहे. बऱ्याच क्लबांचे राखीव संघ तिथे खेळतात. शहाणा क्लब उंच पोराला तिथे वर्ष-दोन वर्षं ठेवतो. अडचण अशी की तळाच्या क्लबाकडे वरच्या संघातही माणसं नसतात, आणि तिकिटं खपवायला नवा चेहरा लागतो. मग उतरवतात. या बाबतीत जॅक वॉट्सची गोष्ट कुणीतरी डीमन्सवाल्याने (म्हणजे मेलबर्न क्लबवाल्याने) सांगावी. @दिगंबर_डीमन, आहात का?

दिगंबर_डीमन

आहे. आणि हाक कशाला मारलीत तेही कळलं.

२००८ च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्नने पहिला घेतला जॅक वॉट्स. दुसऱ्या क्रमांकावर निक नायटानुई वेस्ट कोस्टला गेला. २००९ चा जून, क्वीन्स बर्थडेची सुट्टी, एमसीजीवर कॉलिंगवूडविरुद्ध आमचा वर्षातला सगळ्यांत मोठा सामना. त्या दिवशी या पोराला पहिल्यांदा उतरवलं. वय अठरा, अजून बारावीत शिकत होता. अंगकाठी म्हणजे शर्ट हँगरला टांगल्यासारखी. पहिल्यांदा चेंडू हातात आला आणि कॉलिंगवूडचे तीन गडी एकदम त्याच्या अंगावर पडले. पुढची कित्येक वर्षं टीव्हीवाले तेवढंच दाखवत राहिले.

ती कल्पना त्याची नव्हती, पण बिल त्याच्या नावावर फाटलं. त्यानंतर बेली, नील्ड, रूझ, गुडविन असे प्रशिक्षक येत-जात राहिले. बेलींच्या काळात २०११ मध्ये जीलॉन्गने आम्हाला १८६ गुणांनी हरवलं आणि लगोलग बेली गेले. नवा माणूस आला की वॉट्सची जागाही बदलायची: कधी पुढे, कधी मागे, कधी मध्ये. अशा घरात कुठलं पोर घडणार?

तरी १५३ सामने खेळला आमच्याकडून. आणि २०१७ च्या क्वीन्स बर्थडेला, त्याच कॉलिंगवूडविरुद्ध, शेवटच्या मिनिटांत वॉट्सने गोल मारला आणि आम्ही चार गुणांनी जिंकलो. मी स्टँडात होतो. शेजारच्या अनोळखी आजींनी मला मिठी मारली. त्याच वर्षाच्या शेवटी त्याला पोर्ट ॲडलेडला देऊन टाकला.

उलट बाजूही आमच्याकडेच आहे. मॅक्स गॉन २००९ च्या ड्राफ्टमध्ये ३४ वा. लिगामेंटची ऑपरेशनं झाली, सुरुवातीची वर्षं गुडघा बरा करण्यातच गेली, ऑल-ऑस्ट्रेलियन व्हायला २०१६ लागलं. पेट्राका २०१४ मध्ये दुसरा, आणि पहिला सामना खेळायच्या आधीच गुडघ्याचं लिगामेंट गेलं, २०१५ सगळं बसून. २०२१ ची ग्रँड फायनल पर्थला झाली तेव्हा गॉन कर्णधार होता आणि नॉर्म स्मिथ मेडल (ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं) पेट्राकाला मिळालं. ५७ वर्षांनी विजेतेपद. समोर कोण होतं ते पश्चिमवाल्यांना विचारा.

पश्चिमवाला

७४ गुणांनी हरलो आम्ही. माहीत आहे. पुढे बोला.

जोशीकाकू_जीलॉन्ग

दिगंबर, वॉट्सचं वाचून वाईट वाटलं रे. आमचं नशीब बरं. टॉम हॉकिन्स फिनलीच्या शेतकऱ्याचा मुलगा, वडील जॅक आमच्याचकडून खेळलेले, त्यामुळे फादर-सन नियमाने २००६ मध्ये ४१ व्या क्रमांकावर मिळाला. पोरगं आडदांड, म्हणून सगळ्यांना वाटलं की आल्या आल्या गोलांचा पाऊस पाडेल. पण आडदांड दिसणं आणि दिवसभर तसं खेळता येणं यात फरक असतो. वजन होतं, दम नव्हता. २००९ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याची एक किक खांबाला लागूनही गोल दिला गेला (कॉलनीतले सेंट किल्डावाले अजून काढतात ते), पण २०११ मध्येसुद्धा मधल्या काळात त्याला राखीव संघात पाठवलं होतं. बाजारात भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, हा काही खरा नाही.

आणि त्याच २०११ च्या ग्रँड फायनलमध्ये आमच्या पॉडसियाडलीचा खांदा निखळला, तो बाहेर गेला, पुढची सगळी जबाबदारी हॉकिन्सवर आली. तीन गोल मारले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कॉलिंगवूडच्या लोकांना तो आवरेना. कोलमन मेडल मिळालं २०२० मध्ये, तेव्हा बत्तिशीत होता. ३५९ सामने खेळून २०२४ मध्ये निवृत्त झाला. जीलॉन्गकडून एवढे सामने त्याच्याआधी कुणीच खेळलेलं नाही.

मला विचाराल तर इथे एक गोष्ट जमून आली होती. आमचा संघ तेव्हा जिंकत होता. जिंकणाऱ्या संघात कच्चं पोर झाकलं जातं. हरणाऱ्या संघात त्याच्यावरच उजेड पडतो.

अनया_पर्थ

काकू, शेवटचं वाक्य शंभर टक्के. आम्ही वेस्ट कोस्टवाले २०२३ मध्ये तळाला आणि म्हणून हार्ली रीड पहिला मिळाला. व्हिक्टोरियातल्या टाँगालाचा पोरगा. तो विमानातून उतरायच्या आधीच इथे चर्चा सुरू की हा परत घरी कधी जाणार! दर आठवड्याला रेडिओवर तेच. चांगला खेळला तर "व्हिक्टोरियाचे क्लब टपलेत", वाईट खेळला तर "मन लागत नाही". तेव्हा तो जेमतेम एकोणीसचा. माझा पुतण्या त्याच वयाचा आहे, त्याला अजून गाडीत पेट्रोल भरायचं लक्षात राहत नाही.

आणि धीर पोरांनीही धरायचा असतो ना? जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१ मध्ये पहिला, नॉर्थ मेलबर्नने घेतला. दोन वर्षांचा करार, एकच वर्ष राहिला आणि घरी ॲडलेडला, पोर्टकडे गेला. त्याच वर्षी मध्येच प्रशिक्षक गेला होता, त्यामुळे त्याला दोष देताना मी दोनदा विचार करते. पण नॉर्थवाल्यांचा जीव जळला असणार.

लोकलपकड

नॉर्थवाला बोलतोय. जळला होता. आता राख पण उरली नाही.

ल्यूक डेव्हिस-युनियाके मात्र राहिला. २०१७ चा चौथा. सुरुवातीला दुखापतींनी पिडला, मग असा उठला की सेंटरमधून चेंडू घेऊन निघाला की आमच्या घरात सगळे सोफ्यावरून उठतात. सामना आम्ही तरीही हरतो.

कोकणी_कांगारू

टॉम बॉइडचं नाव कुणी काढलं नाही अजून? पश्चिमवाले, तुमचाच की.

पश्चिमवाला

काढणार होतोच, जरा जपून लिहायचं म्हणून थांबलो. २०१३ चा पहिला, सिडनीच्या जायंट्सने घेतला. वर्षभरात आमच्याकडे आला, बदल्यात आमचा कर्णधार ग्रिफन गेला. करार सात वर्षांचा. आकडा सात मिलियनचा म्हणून सगळीकडे छापून आला आणि तो आकडा त्याच्या पाठीवर जणू नंबरच्या वर शिवला गेला. एकोणीस वर्षांचा उंच फॉरवर्ड, ज्याला अजून चार वर्षं लागायची होती, त्याने प्रत्येक किक मारली की लोक डॉलरचा भागाकार करायचे.

२०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल मारले. त्यातला शेवटचा खूप लांबून, चेंडू टप्पे खात गोलमध्ये गेला. फुट्सक्रेमध्ये १९५४ नंतर पहिल्यांदा कप आला. त्या रात्री बार्कली स्ट्रीटवर जे झालं ते लिहायला बसलो तर वेगळा धागा होईल. पण २०१७ मध्ये त्याने मानसिक आरोग्यासाठी खेळ थांबवला आणि २०१९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, निवृत्तच झाला. नंतर या विषयावर तो उघडपणे बोलत आलाय. त्याचं ऐकल्यापासून मी स्टँडात एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव घेऊन ओरडत नाही. प्रशिक्षकाचं घेतो, त्यांना पगार त्याचाच असतो.

दिगंबर_डीमन

आणि सगळं काही वाट बघून सुटतं असंही नाही. पॅडी मकार्टिन. २०१४ मध्ये सेंट किल्डाने पेट्राकाच्या आधी घेतला म्हणून जन्मभर ती तुलना मानगुटीवर. टाइप वन मधुमेह असूनही खेळत होता. पण डोक्याला पुन्हा पुन्हा मार, कन्कशनवर कन्कशन, २०१९ मध्ये एकही सामना नाही आणि क्लबने सोडला. लोक तेव्हाही त्याला "फुकट गेलेली निवड" म्हणत. डोकं बरं होत नाही यात त्याचा काय दोष?

सिडनी स्वान्सने त्याला घेऊन पुढून मागे नेला. फॉरवर्डचा डिफेंडर केला. २०२२ च्या ग्रँड फायनलमध्ये भाऊ टॉमच्या शेजारी खेळला. २०२३ मध्ये पुन्हा डोक्याला लागलं आणि त्याने थांबायचं ठरवलं. अशा वेळी क्लबचं काम वाट बघण्याचं नसतं, पोराला घरी पाठवण्याचं असतं.

वॉटररनर

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी इथल्या एका ज्युनियर क्लबात स्वयंसेवक आहे. पाण्याच्या बाटल्या, टेप, बर्फ, ही खाती माझी. तुम्ही वरच्या पोरांबद्दल बोलताय, मी अकरा-बारा वर्षांच्यांबद्दल लिहितो, कारण ओरडणं तिथेच सुरू होतं.

रविवारी सकाळी नऊला मैदानावर दव असतं, थंडी हाडात जाते, आणि आपले देशी आई-बाप थर्मासमध्ये चहा घेऊन सीमारेषेवर. ऑसी पालक ओरडत नाहीत असं नाही, त्यांचं "बॉऽऽल!" तर पलीकडच्या मैदानावर ऐकू जातं. पण आपल्या लोकांचा एक खास प्रकार आहे. पोराने किक चुकवली की सामना चालू असताना लांबून मराठीत सूचना. "अरे दोन्ही हातांनी धर! पुढे सोड! पाय सरळ!" आता ड्रॉप पंट म्हणजे चेंडू उभा धरून, हातातून सरळ खाली सोडून, जमिनीला लागायच्या आत पायाच्या वरच्या भागावर घ्यायचा. हात सोडताना चेंडू जरा तिरका झाला की किक गेली कामातून. पोरगं नेमकं हात सोडत असतं आणि बाबा ओरडतात. ते बाबांकडे बघतं. चेंडू गुडघ्यावर.

लहान गटांत आम्ही गुणतक्ता ठेवत नाही. तरी दोन-तीन बाबा फोनवर स्कोअर मांडतातच.

आमच्या कोचने यंदा पालकांना एकच गोष्ट सांगितली: घरी जाताना गाडीत सामन्याबद्दल पोराने विषय काढला तरच बोला. बहुतेक पोरं काढतच नाहीत, त्यांना मॅकडोनाल्ड्सला थांबायचं असतं. एका बाबांनी मला नंतर विचारलं, "मग बोलायचं काय?" खरंच प्रश्न पडला होता त्यांना.

आणि या वयात कोण पुढे जाईल हे सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच गटात खेळतं. बाराव्या वर्षी त्या अकरा महिन्यांचा फरक म्हणजे एक वीत उंची. मोठं दिसणारं पोर सगळे चेंडू घेतं, त्याला सगळे डोक्यावर घेतात, आणि पंधराव्या वर्षी बाकीचे वाढले की त्याला काही सुचत नाही.

कोकणी_कांगारू

@वॉटररनर, मस्त लिहिलंत. पण वरच्या पातळीवर धीराला मुदत असतेच ना. पहिल्या फेरीतल्या पोरांना आता सुरुवातीला तीन वर्षांचा करार मिळतो, बाकीच्यांना दोन. पश्चिमवाल्यांच्या हिशेबाने रकमनला पाच-सहा वर्षं लागणार असतील, तर ५० व्या क्रमांकावर आलेल्या उंच पोराने काय करायचं?

पश्चिमवाला

रुकी यादीत (मुख्य यादीबाहेरच्या नवख्यांची) जायचं, व्हीएफएल खेळायचं, नशीब काढायचं. तुमचं बरोबर आहे, वरच्या निवडीला मिळतो तेवढा वेळ खालच्याला मिळत नाही. म्हणून २०१९ पासून सीझनच्या मध्यावरचा ड्राफ्ट परत आणला ते मला आवडलं. रिचमंडने त्यातून मार्लियन पिकेटला घेतलं, वय २७, आणि त्याचा पहिलाच एएफएल सामना म्हणजे २०१९ ची ग्रँड फायनल. जिंकले. पण पिकेट एखादा. राहून गेलेल्यांची नावं आपल्याला कळतही नाहीत.

सई_ट्रुगनीना

फार छान चर्चा. आम्ही सात-आठ महिन्यांपूर्वी नाशिकहून आलो. मुलगा तेरा वर्षांचा, उंच आहे, आजवर बास्केटबॉल खेळलाय. वर्गातल्या मित्रांमुळे आता फूटीचं वेड लागलंय. इथली मुलं पाच-सहा वर्षांची असल्यापासून ऑसकिकला (लहानग्यांचे फूटी वर्ग) जातात असं ऐकलं. याला फार उशीर झाला का? @वॉटररनर दादा, सांगाल का?

वॉटररनर

ताई, अजिबात नाही. कॉलिंगवूडकडून खेळलेला मेसन कॉक्स अमेरिकेतला बास्केटबॉलवाला, विशी उलटल्यावर पहिल्यांदा हा चेंडू हातात घेतला. २०१६ च्या अँझॅक डेला पहिल्या सामन्यात पहिल्याच किकवर गोल मारला आणि २०२३ मध्ये कपही जिंकला. तुमचा मुलगा तिथवर जाईल असं मी म्हणत नाही हां, पण तेराव्या वर्षी मैदानात उतरायला काहीच हरकत नाही. उंच आहे म्हटल्यावर कोच त्याला पहिल्याच दिवशी रकमध्ये उभा करायला बघतील. एवढ्यात नको म्हणावं. आधी किक आणि हँडबॉल (मुठीने मारलेला पास) शिकू दे, पाडलं तर कसं पडायचं ते शिकू दे.

स्टडवाले बूट आणि माउथगार्ड तेवढं घ्या, चेंडू क्लबकडे असतात. तुमच्या भागातल्या क्लबाची माहिती व्यनि (खाजगी निरोप) करतो. पहिल्या दिवशी तुम्ही दोघंही या, चहा माझ्याकडे.